इंग्रजीतले तोंड आणि दात: अर्थ कसा लावावा, वापर कुठे टाळावा

वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारणारे बहुतेक उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले, मराठी माध्यमात शिकून इंग्रजीत काम करणारे असतात. कोणी रोज लोकलने ऐरोलीच्या किंवा अंधेरीच्या कार्यालयात जाते, कोणी अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीचे काम पाहते, कोणी उल्हासनगरच्या बाजारातून परराज्यांतल्या गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करते. तुम्हाला इंग्रजी येते. मेल वाचता येतो, उत्तर लिहिता येते. तरीही एखाद्या वाक्यात 'टूथ', 'टंग', 'लिप' किंवा 'माउथ' आले की वाक्य अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे, न अडता चुकीचे कळते. शब्द तर पहिली-दुसरीतच पाठ झालेले असतात. मग घोटाळा कुठे होतो?

हे शब्द ओळखीचे आहेत, हेच घोटाळ्याचे कारण आहे. दात, जीभ, ओठ जगात सगळ्यांना सारखेच असल्यामुळे इंग्रजीतल्या जिभेचे मराठीतल्या जिभेशी नाते आपण नकळत लावून टाकतो. बाजारात मिळणाऱ्या वाक्प्रचारांच्या पुस्तिकाही हेच शिकवतात: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, दोन्ही पाठ करा. ही पद्धत तुम्ही सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाक्प्रचार म्हणजे बोलणाऱ्याने एखाद्या गोष्टीवर मारलेला शेरा असतो. त्यात कौतुक असेल, तक्रार असेल, सबब असेल किंवा नकार असेल. आधी तो शेरा ओळखायचा, मग साध्या वाक्यात खात्री करून घ्यायची आणि आपले उत्तर साध्या इंग्रजीत द्यायचे.

जोड्या लावण्यात धोका कुठे आहे

'बाइट युअर टंग' हे उदाहरण घ्या. मराठीत 'जीभ चावणे' आहेच, त्यामुळे शोधाशोध करण्याची गरजही वाटत नाही. पण मराठी माणूस जीभ चावतो तो बोलून झाल्यावर. नको ते तोंडातून गेले हे लक्षात येते आणि तो चटकन जीभ चावतो. इंग्रजीतला माणूस जीभ चावतो ती बोलण्याआधी. मनात आलेले तो आवरून धरतो. आता तुमचे वरिष्ठ म्हणाले, 'आय हॅड टू बाइट माय टंग इन द मीटिंग', तर मराठी कानाला वाटेल की साहेब काहीतरी चुकीचे बोलून बसले. प्रत्यक्षात ते गप्प राहिले, आणि त्यांना जे पटलेले नाही ते अजून त्यांच्या मनात आहे. एका अर्थाने प्रकरण संपलेले असते, दुसऱ्या अर्थाने ते सुरूही झालेले नसते. पुढे तुम्ही काय करायचे, हे या एका फरकावर ठरते.

दुसरे उदाहरण नोकरीच्या दृष्टीने अधिक महागात पडणारे आहे. 'बाइट ऑफ मोअर दॅन यू कॅन च्यू' याच्यासमोर अनेक जण 'लहान तोंडी मोठा घास घेणे' मांडतात. दोन्हीकडे तोंड आहे, दोन्हीकडे न पेलणारा घास आहे. पण मराठीत हा घास अधिकाराचा असतो. वयाने किंवा मानाने लहान असलेला माणूस मोठ्यांसमोर मत मांडताना हे शब्द वापरतो, आणि ऐकणारे त्याचा विनय समजून घेतात. इंग्रजीतला घास कामाचा आहे: अंगावर घेतले आहे ते तडीस नेण्याची ताकद नाही, असा त्याचा अर्थ. बैठकीत नवी सूचना मांडताना विनयाने 'आय मे बी बाइटिंग ऑफ मोअर दॅन आय कॅन च्यू' असे कोणी लिहिले, तर वाचणाऱ्याला त्यात विनय दिसणार नाही. हे काम याच्याकडून होणार नाही, अशी कबुली दिसेल, आणि काम दुसऱ्याकडे जाईल. विनय दाखवायचाच असेल तर 'मे आय मेक अ सजेशन?' एवढे पुरते.

दातांचेही तेच. मराठीत एखाद्यावर दात असणे म्हणजे मनात खुन्नस असणे. इंग्रजीत समितीला किंवा कायद्याला 'टीथ' असणे म्हणजे त्याच्या हाती शिक्षेचा, दंडाचा, अंमलबजावणीचा अधिकार असणे. 'द न्यू कमिटी हॅज टीथ' हे वाक्य नव्या समितीचे कोणाशी वैर आहे असे सांगत नाही. समितीचे म्हणणे आता टाळता येणार नाही, असे सांगते. वर्तमानपत्रांतला 'टूथलेस' कायदाही असाच, कागदावर असूनही कोणाला वचक न बसवणारा.

आपल्या या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर लष्कराच्या कल्याण कॅम्पात आणलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केलेले शहर. १९४९ साली त्याला उल्हास नदीवरून आजचे नाव मिळाले. कॅम्प नंबर एक ते पाच ही ओळख मात्र पत्त्यांत अजून टिकून आहे. इथे मराठी, सिंधी, हिंदी एकाच दुकानात चालतात आणि इंग्रजी पुष्कळदा हिंदीच्या वाटेने समजून घेतले जाते. 'सेट वन्स टीथ ऑन एज' कानावर आले की हिंदीतले 'दाँत खट्टे करना' आठवते, कारण दोन्हीच्या मुळाशी आंबट खाल्ल्यावर दातांना येणारी तीच शिरशिरी आहे. पण हिंदीत दात आंबट करणे म्हणजे शत्रूला धूळ चारणे. इंग्रजीत त्याचा अर्थ एखाद्या आवाजाने किंवा वागण्याने अंगावर काटा येणे, चीड येणे. मराठीत दात आंबतात ते कैरी खाल्ल्यावर, बहुधा तेवढ्याच अर्थाने. अनुभव एक असूनही तीन भाषांनी त्याचे तीन उपयोग केले. यातली कोणतीही एक भाषा दुसरीची किल्ली म्हणून वापरली तर कुलूप चुकीचेच उघडणार.

मग काही जोड्या अचूक कशा जुळतात?

यावर कोणी म्हणेल, पुष्कळ वाक्प्रचार दोन्ही भाषांत तंतोतंत जुळतात, मग जोड्या पाठ करण्यात गैर काय? आक्षेप खरा आहे. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ' आणि 'धर्माची गाय अन् दात का नाय' यांत रतीभर फरक नाही: फुकट मिळालेल्या वस्तूत खोड काढू नये. पण हे का जुळते ते पाहा. जनावराचे वय त्याच्या दातांवरून ओळखतात. विकत घेताना गाय असो की घोडा, आधी तोंड उघडून पाहायचे, हा व्यवहार इंग्लंडच्या बाजारात होता तसाच आपल्याकडच्या गुरांच्या बाजारातही होता. वहिवाट एक, म्हणून म्हणही एक. बदलापूर हे नावच मुळी प्रवासात इथे घोडे बदलत म्हणून पडले असे सांगतात. ती कथा खरी मानली तर इथल्या जुन्या लोकांना घोड्याच्या तोंडात का पाहायचे, हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते.

याच घोड्याच्या तोंडातून आणखी एक वाक्प्रचार आला आहे. वय वाढले की घोड्याच्या हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसू लागतात. म्हणून 'लाँग इन द टूथ' म्हणजे वय झालेला, जुना झालेला. कारखान्यात 'धिस लेथ इज गेटिंग लाँग इन द टूथ' असे ऐकलेत तर लेथच्या दात्यांची तपासणी करायला निघू नका. यंत्र जुने झाले, बदलायचा विचार करा, एवढेच ते सांगते. मराठीत या दातांनी वय दाखवायची रीत रूढ नाही, त्यामुळे इथे जोडी लावायला गेलात की हाती काहीच येत नाही.

जुळणाऱ्या जोडीतही कोपरे वेगळे असतात. 'हँड टू माउथ' आणि 'हातावर पोट' यांचा गाभा एक आहे: आज कमवायचे, आजच खायचे. पण व्यापारी इंग्रजीत 'हँड-टू-माउथ बाइंग' म्हणजे साठा न करता गरजेपुरतीच खरेदी करण्याची पद्धत. जीन्स किंवा फर्निचरच्या धंद्यातल्या एखाद्याला बाहेरच्या खरेदीदाराने 'वी आर बाइंग हँड टू माउथ धिस सीझन' असे कळवले, तर त्याची परिस्थिती बिकट आहे असे समजून उधारी तोडू नका. तो फक्त सांगतो आहे की या हंगामात मोठी ऑर्डर येणार नाही, लहान लहान येतील. तुम्ही ठरवायचे ते एवढेच, की त्या हिशेबाने कापड किती भरायचे.

अर्थ लावण्याच्या पायऱ्या

1. कोण, कोणाबद्दल, हे आधी पाहा. वाक्प्रचारातला दात किंवा ओठ बाजूला ठेवा. बोलणारा स्वतःबद्दल बोलतो आहे, तुमच्याबद्दल, की तिसऱ्याबद्दल? 'आय विल कीप माय माउथ शट' हे आश्वासन आहे. तेच 'यू शुड कीप युअर माउथ शट' झाले की दरडावणी होते.

2. शेरा कोणता ते ठरवा. आजूबाजूची दोन वाक्ये वाचा. पुढे 'बट' आला आहे का? त्यानंतर काम वाढवून मागितले आहे की धन्यवाद दिले आहेत? 'वी पास्ड द ऑडिट बाय द स्किन ऑफ अवर टीथ' यात 'पास्ड' वाचून सहकाऱ्यांना अभिनंदनाचा निरोप पाठवणे चूक ठरेल. दातावर साल नसते, म्हणजे वाचलो ते नसल्यासारख्या फरकाने. बायबलच्या जुन्या करारातल्या ईयोबाच्या पुस्तकातून ही शब्दयोजना इंग्रजीत रुजली. तपासणीच्या संदर्भात ती इशारा म्हणूनच घ्या आणि पुढच्या खेपेआधी काय दुरुस्त करायचे ते विचारा.

3. कोशात पूर्ण वाक्प्रचार शोधा आणि अर्थाआधी खूण वाचा. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशांत अर्थाच्या आधी 'इन्फॉर्मल', 'डिसअप्रूव्हिंग', 'ह्यूमरस' अशा खुणा असतात. बहुतेक वाचक त्या ओलांडून अर्थावर जातात, आणि खरी माहिती तिथेच सुटते. 'डिसअप्रूव्हिंग' लिहिलेले असेल तर वाक्य तक्रारीचे आहे, हे अर्थ वाचण्याआधीच कळते.

4. साध्या वाक्यात खात्री करून घ्या. 'व्हॉट डू यू मीन?' असे तोडून विचारले तर उलट प्रश्न केल्यासारखे वाटते. 'जस्ट टू कन्फर्म, शुड वी चेंज द मशीन धिस क्वार्टर?' असे, तुम्हाला समजलेला अर्थ आपल्या साध्या शब्दांत मांडून विचारा. मग वाक्प्रचार कळला नव्हता की काम पक्के करून घ्यायचे होते, याची चर्चाच होत नाही.

शेवटच्या पायरीला अनेकांचा विरोध असतो. विचारले तर आपले इंग्रजी कच्चे आहे हे उघड होईल, ही भीती मी हलकी मानत नाही; मराठी माध्यमातून आलेल्यांना ती रोज सोसावी लागते. पण न विचारता केलेल्या चुकीची किंमत तुम्ही भरता आणि विचारलेल्या प्रश्नाचा फायदा दोघांना होतो. शिवाय कामाच्या ठिकाणी सूचना लेखी पक्की करून घेणे हा शिस्तीचा भाग मानला जातो. इंग्रजी माध्यमातले सहकारीही तेच करतात, फक्त त्यांना त्याची लाज वाटत नाही.

फोनवरच्या भाषांतराच्या सोयीबद्दल एवढेच सांगतो: एकटा वाक्प्रचार टाकलात तर दात-ओठांचे शब्दशः भाषांतर हाती येण्याची शक्यता असते. पूर्ण परिच्छेद टाका, आणि आलेला अर्थ कोशाशी ताडून पाहा. मराठी बाजू तपासायची असेल तर य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' हाताशी ठेवावा असा आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, म्हणजे १८३१ चा आणि सुधारून १८५७ साली पुन्हा निघालेला, इंटरनेटवर मोफत पाहता येतो. 'तोंड' आणि 'दात' या नोंदींखाली त्याने जमवलेले वाक्प्रचार वाचले की आपली भाषा या अवयवांकडून किती निरनिराळी कामे करून घेते ते दिसते. तोंड देणे, तोंड फोडणे, तोंडघशी पडणे, तोंडाला पाने पुसणे, परीक्षा तोंडावर येणे, यांतल्या एकाचेही इंग्रजी 'माउथ' घालून होणार नाही. उलट दिशेनेही तेच खरे, हे मग वेगळे पटवावे लागत नाही.

मुलाखतीत आणि कामावर हमखास भेटणारे

- 'व्हेअर डिड यू कट युअर टीथ?' बाळाचे दात हिरडी फोडून येतात, त्यावरून आलेला हा प्रश्न तुमच्या पहिल्या कामाच्या अनुभवाबद्दल आहे. 'आय स्टार्टेड अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅप्रेंटिस इन द टूल रूम' असे सरळ सांगा. अंबरनाथच्या आयटीआयमधून किंवा एखाद्या कारखान्यात उमेदवारी करून आलेल्यांनी हा प्रश्न ओळखीचा मानून सविस्तर उत्तर द्यावे. तो तुमच्या बाजूचा आहे.
- 'समथिंग टू गेट युअर टीथ इनटू' म्हणजे भरीव, कस लावणारे काम. असे काम देऊ केले जात असेल तर ते विश्वास दाखवणारे आहे.
- 'दॅट्स अ माउथफुल' हे लांब नाव किंवा अवघड शब्द उच्चारता न आल्यावर परदेशी ग्राहक म्हणतात. अपमान मानू नका. नाव तोडून, सावकाश पुन्हा सांगा.
- 'लिप सर्व्हिस' हा मात्र सरळ आरोप आहे: बोलायचे, करायचे नाही. मराठीतले 'तोंडदेखले' त्याच्या अगदी जवळ आहे. सुरक्षेच्या तपासणी अहवालात 'ओन्ली लिप सर्व्हिस टू सेफ्टी' असे आले, विशेषतः रसायनांच्या कारखान्यात, तर त्याला शब्दांनी उत्तर देऊ नका. प्रशिक्षणाच्या तारखा, सरावाच्या नोंदी, बदललेल्या साधनांची यादी जोडा.
- 'टंग इन चीक' म्हणजे गंमतीने म्हटलेले, शब्दशः न घेण्याचे. मेलमध्ये हे दिसले की आधीचे वाक्य सूचना म्हणून अमलात आणू नका.
- 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' म्हणजे मूळ माणसाकडूनच कळलेले. फिरत्या निरोपांत हे शब्द वजन वाढवायला वापरतात. मूळ माणूस कोण, हे नाव घेऊन सांगितले नसेल तर तो निरोप ऐकीव समजा.

हे शब्द लिहिण्याआधी थांबा

समजून घेण्यात चूक झाली तर ती दुरुस्त होते. लिहिण्यात झाली तर पुरावा मागे राहतो. 'लाँग इन द टूथ' यंत्राबद्दल चालेल, ज्येष्ठ सहकाऱ्याबद्दल लिहू नका. मराठीत आपण वडीलधाऱ्यांना जो मान देतो तो या शब्दांत अजिबात नाही. 'कॅट गॉट युअर टंग?' हे गप्प बसलेल्या लहान मुलाला म्हणतात, मोठ्याला म्हटले तर ते हिणवणे होते. सर्वांत जपून राहायचे ते 'लाइंग थ्रू युअर टीथ' याबाबत. धडधडीत खोटे बोलणे, असा त्याचा अर्थ, आणि त्यात माणूस जाणूनबुजून खोटे बोलतो आहे हा आरोप आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सचिवांबद्दल किंवा कार्यालयाच्या मेलमध्ये सहकाऱ्याबद्दल हे लिहिलेत, तर 'वाक्प्रचार म्हणून वापरला' हा बचाव टिकेलच असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीची तरतूद आहे, आणि लेखी शब्दही तिच्या कक्षेत येतात. 'द फिगर्स डू नॉट मॅच द बँक स्टेटमेंट' असे लिहा. ते सौम्यही आहे आणि उत्तर द्यायला भाग पाडणारेही.

स्वतः वापरावेत का?

मुलाखतीत दोन-चार वाक्प्रचार पेरले की छाप पडते, असे अनेक शिकवणी वर्ग सांगतात. मला हा सल्ला घातक वाटतो. इंग्रजी वाक्प्रचार शब्दरूपासकट ठरलेले असतात. 'स्वीट टूथ' एकवचनी, 'स्किन ऑफ युअर टीथ' अनेकवचनी. 'टूथ अँड नेल' हा क्रम उलटत नाही. 'लाँग इन द टूथ' मधला 'द' गळला की वाक्य अडखळते. वाक्प्रचार न वापरल्याची नोंद कोणी घेत नाही, चुकलेला मात्र सगळ्यांना ऐकू येतो. शिवाय ऐकणारा चेन्नईचा, मनिलाचा किंवा जर्मनीचा असेल तर त्याच्यासाठीही इंग्रजी परकीच आहे; तुमचे बरोबर वाक्यही त्याला कळेल याची खात्री नाही. साधे इंग्रजी नीरस असते, हा समज सोडा. नेमका आकडा, नेमकी तारीख, नेमके क्रियापद असलेले वाक्य कोणत्याही भाषेत भारदस्तच वाटते.

तरी दोन वाक्प्रचार वापरायला शिकावेत असे मी सुचवेन, कारण त्यांची जागा साधा शब्द नीट घेत नाही. 'ऑन द टिप ऑफ माय टंग' हा पहिला: माहीत आहे, पण ऐनवेळी आठवत नाही, हे मुलाखतीत सांगण्याचा तो प्रामाणिक मार्ग आहे. दुसरा 'वर्ड ऑफ माउथ'. उल्हासनगरचे फर्निचर आणि कपड्याचे बाजार पुष्कळसे एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगण्यावर चालतात, आणि धंद्याची ओळख करून देताना हे सांगणे भूषणाचे आहे. फक्त एक जपा. तोंडी झालेल्या सौद्याला 'वर्ड ऑफ माउथ अ‍ॅग्रीमेंट' म्हणू नका, 'ओरल अ‍ॅग्रीमेंट' म्हणा, नाहीतर समोरच्याला तुम्ही प्रसिद्धीबद्दल बोलता आहात असे वाटेल.

'टीथिंग ट्रबल्स' आणि तुमचे हक्क

हा भाग घर घेणाऱ्यांनी सावकाश वाचावा, कारण बदलापूर-अंबरनाथकडे नव्या इमारती सतत उभ्या राहत आहेत आणि विकासकांच्या पत्रांत हा शब्द दिसतो. दात येताना बाळ कुरकुरते आणि काही दिवसांत आपोआप बरे होते. 'टीथिंग ट्रबल्स' म्हटले की तेच सुचवले जाते: त्रास सुरुवातीचा आहे, स्वाभाविक आहे, कोणाची चूक नाही, आपोआप जाईल. नव्या सॉफ्टवेअरबद्दल हे म्हणणे रास्त असू शकते. ताबा मिळाल्यावर भिंतीतून पाणी झिरपत असेल, लिफ्ट दर आठवड्याला बंद पडत असेल, तर त्याच शब्दांत एक दावा दडलेला असतो, आणि तो तुम्ही न बोलता मान्य करू नये.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) कायदा, २०१६ याचे कलम १४(३) याबाबत स्पष्ट आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांतला दोष तुम्ही निदर्शनास आणलात, तर विकासकाने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो; न केल्यास तुम्ही भरपाई मागू शकता. कायद्यात सुरुवातीचा त्रास आणि नंतरचा त्रास असा भेद नाही. म्हणून असे पत्र आल्यावर उत्तरात दोषांची यादी, छायाचित्रे, ताब्याची तारीख आणि हे कलम लिहा, आणि दुरुस्तीची तारीख मागा. दाद मिळाली नाही तर महारेराकडे, म्हणजे याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते.

तोंडाशी संबंधित दुसरी बाब तोंडी आश्वासनांची. विक्री प्रतिनिधी 'यू हॅव माय वर्ड' म्हणतो आणि नोंदणीची रक्कम मागतो. याच कायद्याच्या कलम १३ नुसार लेखी विक्री करार करून तो नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या विधानामुळे तुमचे नुकसान झाले तर कलम १२ तुमच्या बाजूने आहे. म्हणून माहितीपत्रक घर मिळाल्यानंतरही टाकून देऊ नका. तोंडी सांगितलेली प्रत्येक सोय मेलवर लिहून पाठवा आणि 'प्लीज कन्फर्म' एवढेच शेवटी घाला.

आणि जिथे इंग्रजी वाचण्याची सक्तीच नाही, तिथे ती स्वतःवर लादून घेऊ नका. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांच्याशी तुमचा पत्रव्यवहार मराठीतच करा. स्थानिक प्राधिकरणांच्या मराठी कारभारासाठी २०२२ साली विधिमंडळाने स्वतंत्र कायदा केला आहे. बँकेत खाते उघडण्याचे फॉर्म आणि भरणा पावत्या इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत असाव्यात, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. कर्ज घेताना तर आणखी ठाम राहा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ आणि लघु-मध्यम उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य अटींचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते आणि त्यातला मजकूर समजावून सांगावा लागतो. व्याजदर, एकूण वार्षिक खर्च, दंड, वसुलीची पद्धत हे सगळे त्यात असते. ते मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, आणि त्यानंतरच सही करा.